तळव्याखालचा पांढरा डाग

मी पीएचडीसाठी जे जेल बनवत होते ते थंड असताना काचेसारखं पारदर्शक असायचं आणि कोमट झालं की दुधासारखं पांढरं व्हायचं. त्याचा पातळ थर मी दोन पारदर्शक शीटांमध्ये बंद केला होता. खालून बारीक दिव्यांचा प्रकाश सोडायचा. जिथे जेल पांढरं झालं असेल तिथून तो मागे फिरायचा आणि सेन्सर ती जागा लॅपटॉपवर दाखवायचा. उद्देश एवढाच, की त्यावर पाय ठेवला तर तळव्याचा कुठला भाग जास्त गरम आहे ते दिसावं.

हे सुचलं बाबांमुळे. त्यांची शुगर जुनी. तळपायांची संवेदना हळूहळू गेली होती. एकदा चपलेतून टाचणी आत घुसली तर ती आईला दिसली, त्यांना कळलीच नव्हती. अशा पायात जखम फुटण्याआधी ती जागा आतून गरम होते, हे मी वाचलं होतं.

थंडी सरत आली होती तेव्हा मी ते शीट घरी, राजेंद्र नगरला आणलं. बाबा हौसेने उभे राहिले. उजव्या तळव्याखाली जेल पारदर्शकच राहिलं. डाव्या अंगठ्याच्या मुळाशी मात्र एक पांढरा डाग उमटला. मी शीट पुसलं, थंड होऊ दिलं, बाबांना पुन्हा उभं केलं. डाग तिथेच. दुसऱ्या दिवशीही तिथेच.

"बाबा, इथे आतून काहीतरी सुरू आहे."

"अगं, दुखत तर काही नाही."

"तुम्हाला दुखणं कळतच नाही ना!"

"तू भी ना," ते हसले. "उगाच टेन्शन घेते."

तरी त्यांना शहरातल्या तुकोगंज भागातल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पाय नीट पाहिला, दाबला, एक्स-रे काढला. मी लॅपटॉप उघडून डाग दाखवला. ते सभ्यपणे पाहत राहिले.

"मॅडम, स्किन बिल्कुल ठीक है. ये आपका रिसर्च है, टेस्ट तो नहीं है ना? नरम चप्पल पहनाइए, चलना कम करवाइए."

ते चूक बोलत नव्हते. एका माणसाच्या पायावरून मी तरी काय छातीठोक सांगणार होते? माझ्या गाइडनीही हेच बजावलं, "आधी खूप लोकांवर तपासायला हवं. तोवर दावा करू नका."

मी मऊ सँडल आणल्या. बाबा त्या घरात घालायचे. बाहेर जाताना मात्र चामड्याचे बूट, पॉलिश करून, नोकरीत असताना घालत तसे. सँडल घालून बागेत गेलं की मित्र तब्येत विचारतात, ते त्यांना नको होतं. मी बूट लपवले तर त्यांनी दुसरे काढले. मी चिडले, रडलेसुद्धा. ते म्हणाले, "बेटा, चालणं बंद केलं तर उरलं काय माझ्याकडे?"

मग ऊन तापलं. खोलीच इतकी गरम, की शीटवर पाय ठेवण्याआधीच सगळं जेल पांढरं. डाग दिसणार कुठे? कूलर लावून पाहिला, शीट फ्रिजमध्ये ठेवून पाहिलं. पाय ठेवेपर्यंत ते परत पांढरं. घटकांचं प्रमाण बदललं की जेल जास्त तापमानाला पांढरं होतं, हे मला माहीत होतं. तशी नवी बॅच ओतली, ती कडेने सुकून आकसली. पुन्हा ओतली, तिच्यात बुडबुडे आले. मी लॅबमध्ये जेल ओतत राहिले आणि बाबा रोज बूट घालून बागेत जात राहिले.

एके सकाळी आईने हाक मारली. मोज्यावर ओला डाग होता, आणि वास. अंगठ्याच्या मुळाशी, त्याच जागी, जखम फुटली होती.

डॉक्टरांनी मनापासून उपचार केले. पण जंतुसंसर्ग हाडापर्यंत गेला होता, अंगठा काढावा लागला. ऑपरेशननंतर बाबांनी मला जवळ बोलावलं. वाटलं, रागावतील किंवा रडतील. ते म्हणाले, "तू सांगितलं होतंस," आणि माझा हात थोपटला. रागावले असते तर बरं झालं असतं.

पुढे गाइडनी विचारलं, ती थंडीतली निरीक्षणं पेपरमध्ये घालता येतील का? मी बाबांना विचारलं.

"घाल की. कुणाच्या तरी कामाला येऊ दे."

पेपर छापून आला. माझं अभिनंदनही झालं. गरमीत चालणारं जेल अजून मला नीट जमलेलं नाही. बाबा काठी घेऊन गेटपर्यंत जातात आणि तिथून रस्ता बघतात. रोज सकाळी मी त्यांचा उजवा तळवा दोन्ही हातांत धरून चाचपते. कुठे गरम लागतो का ते बघते. माझ्या हातांना काहीच कळत नाही.