उतारावर थांबणारे सुभेदार

वाईला घाटावरच्या आमच्या चहाच्या टपरीत किस्से जमतात ते देवळाबाहेरच्या चपलांसारखे. कुणाचा कुठला, कुणी कुठे काढून ठेवला, हे तासाभराने कुणालाच सांगता येत नाही. सुभेदार आनंदराव आणि मी मोटारसायकलवरून एक दिवस बाहेर पडलो, त्याला अजून वर्षही झाले नाही; एवढ्यात त्या दिवसाचे पाच पाठभेद झाले आहेत. एका पाठात आम्ही थेट विजापूर गाठले. दुसऱ्यात मला पोलिसांनी धरले! आयुष्यभर संस्कृत शिकवलेल्या माणसाला अशुद्ध पाठ सहन होत नाही. म्हणून घडले तेवढेच सांगतो.

* * *

आनंदराव सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. मोटारसायकल त्यांच्याकडे तीस वर्षे आहे. तिला बटण नाही. किक मारावी तेव्हा ती सुरू होते. गेल्या वर्षी अंगणात उलटी किक बसली, गाडी अंगावर आली आणि उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया करावी लागली. गुडघा बरा झाला, असे डॉक्टर म्हणाले. पण पाय किकपर्यंत जायचा आणि मागे यायचा. गुडघा बरा झाला होता, धीर बरा व्हायचा होता.

त्या सकाळी टपरीवर त्यांच्या मुलाचा, महेशचा, फोन आला. तो कुपवाडला एका वर्कशॉपमध्ये आहे. "आण्णा, गाडीला गिऱ्हाईक आलंय. रविवारी न्हेणार."

आनंदरावांचा चहा हातातच राहिला. "मला न इचारता?"

"किक बसंना तुमच्यानं. वाटंत बंद पडली तर काय करणार?"

"आत्ता येतो की कुपवाडला! गाडीवरच येतो!"

पलीकडून महेश हसला. "या. पाचच्या भोंग्याच्या आत आलासा तर गाडी तुमची, पुन्हा नाव काढणार न्हाई. पर गुरुजींना मागं बसवून आणा. त्ये खोटं बोलत न्हाईत."

मी भाजी घ्यायला बाहेर पडलो होतो. हातात मेथीच्या दोन जुड्यांची पिशवी होती. टपरीवाल्याने स्वतःचे हेल्मेट माझ्या टोपीवरूनच डोक्यावर चढवले. टपरी घाटाच्या उतारावर आहे. आनंदरावांनी गाडी उतारावर सोडली, क्लच सोडला, इंजिन धडधडले. "बसा, गुरुजी! तुमी साक्षीदार!"

माझी संमती कुणी विचारली नाही, हे सर्व पाठांना मान्य आहे.

* * *

साताऱ्याच्या पुढे आम्ही महामार्ग सोडला. कोरेगावावरून रहिमतपूरकडे वळलो. दोन्ही अंगांना ऊस, मधून एखाद्या देवळाचे जुने शिखर. मला प्रत्येक देवळाबद्दल काही ना काही सांगायचे होते. कोरेगाव येईपर्यंत आनंदरावांनी ते सोसले. मग म्हणाले, "गुरुजी, जरा गप ऱ्हावा. इंजिन काय म्हंतंय ते ऐकू येईना झालंय!"

मी गप्प राहिलो. पुढच्या देवळापर्यंत.

* * *

दर तासाला दहा मिनिटे हॉल्ट, ही सैन्याची शिस्त. पण आमचा प्रत्येक हॉल्ट उतारावर होत होता. सावली सोडून उतार, चहाचे दुकान सोडून उतार! कारण विचारले, तर म्हणाले, "फौजेच्या गाड्यांचा कॉन्व्हॉय कायम उतारावरच थांबतो. नियमच हाय त्यो."

मी श्रद्धाळू माणूस. दोन हॉल्टपर्यंत विश्वास ठेवला.

तिसऱ्या हॉल्टला उतार अंमळ कमी पडला. मला मागून ढकलावे लागले. शेतातून येणारी एक म्हातारी डोईवरचा भारा सावरत थांबली. "आवं, बंद पडली व्हय गाडी?"

"न्हाई, आजी," आनंदराव रुबाबात म्हणाले. "हॉल्ट हाय."

म्हातारीने घामाघूम झालेल्या माझ्याकडे पाहिले. "मग ह्यो बिचारा काय करतोय?"

* * *

दहाच्या सुमारास घरून फोन आला. "अहो, मेथी आणायला किती वेळ?"

खोटे बोलणे मला जमत नाही. "मेथी घेतली आहे. मी रहिमतपूरच्या पुढे आहे."

सौभाग्यवतींनी अत्यंत संयत स्वरात विचारले, "तिथे स्वस्त होती का?"

* * *

विट्यात शिरलो तेव्हा दुपार झाली होती. पोटात काही नव्हते. आनंदराव उतार शोधत एका गल्लीत वळले. उतारावर एक घर, दारात ताजी रांगोळी. गाडी थांबताच आतून तीन माणसे धावत आली. "या, या! उशीर झाला म्हणून काळजीत हुतो!"

मला वाटले, विट्यात अतिथीधर्म अजून शाबूत आहे. आम्हाला बैठकीत बसवले, पाणी दिले, पोहे दिले. माझ्या पांढऱ्या सदऱ्याकडे आणि टोपीकडे सगळे आदराने पाहत होते. मेथीची पिशवीसुद्धा कुणीतरी आत नेऊन, कौतुकाने पाहून, परत आणून ठेवली. आनंदरावांची दुसरी बशी संपत आली, तेव्हा आतून साडी नेसलेली एक मुलगी चहा घेऊन आली, आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

तोवर मुलीचे आजोबा पुढे सरकले होते. "पाव्हणं, मुलगा कुटं हाय?"

"कुपवाडला," आनंदराव पोहे खाता खाता म्हणाले. "वर्कशॉपात हाय. पर त्येचं लगीन झालंय!"

आम्ही निघालो तेव्हा गल्लीच्या तोंडाशी खरे पाहुणे वाट विचारत होते. आनंदरावांनी घर दाखवले. वर सांगितले, "पोहे लय झ्याक झाल्यात!"

* * *

तासगावला त्यांनी सुनेसाठी बेदाण्याचे पोते घेतले. ते आम्हा दोघांच्या मध्ये ठेवले. त्यांची पाठ पोत्याला, माझे पोट पोत्याला. स्वतःचा फोन त्यांनी माझ्या पिशवीत टाकला आणि पिशवी हँडलला अडकवली.

गाव मागे पडले. चारही दिशांना द्राक्षबागा आणि तळहातासारखा सपाट रस्ता. नेमके इथेच मला दिवसभर टाळलेले एक काम टाळवेना.

"आवं, हितं उतार न्हाई!" आनंदराव कळवळले. "इंजिन चालू ठिवतो, बिगीनं या."

मी उतरलो, पोते उभे करून त्यांच्या पाठीला टेकवले, आणि त्याच क्षणी इंजिनाने एक उसासा टाकून मौन धरले. आनंदरावांचा चेहरा पांढरा पडला. सवाचार झाले होते. पुढे उतार नाही, मागे नाही. ढकलायला मी एकटा. आणि सपाटीवर ती गाडी, ते पोते आणि सुभेदार ढकलणे माझ्या आवाक्यातले नव्हते.

"थांबा," मी म्हणालो. "आलोच. मग कुणाला तरी हाक मारू."

मी बागेच्या कुंपणाआड गेलो. तेवढ्यात रस्त्यावरून धडधड ऐकू आली. दुसऱ्या कुणाची तरी गाडी असेल, असे समजलो. परत येतो तो रस्ता मोकळा! दूरवर धुळीत एक ठिपका, आणि ठिपक्याच्या पाठीला टेकलेले पोते.

मी खिशातून माझा फोन काढला आणि त्यांना लावला. त्यांचा फोन, हे नंतर आठवले, मेथीत होता.

अर्धा किलोमीटर रागारागाने चाललो. आणि चालता चालता थबकलो. मागे वळून तो रस्ता पुन्हा पाहिला. मग भर उन्हात, एकटाच, टाळ्या वाजवल्या.

* * *

द्राक्षांचे क्रेट घेऊन कुपवाडला निघालेल्या एका पिकअपवाल्याने मला घेतले. वर्कशॉपच्या फाटकाशी उतरलो, तेव्हा पाचचा भोंगा नुकताच वाजून गेला होता. सुट्टी झालेले कामगार आपापल्या दुचाकी लावून गोल करून उभे होते. मध्ये महेश आणि आनंदराव. गाडी फाटकाच्या उतारावर, सवयीप्रमाणे.

"दहा मिंटं आधी आलोय!" आनंदराव सांगत होते. "गुरुजी मागंच हुते. पाठीला टेकले हुते की! बोलत न्हवते, म्हणलं डुलकी लागली."

मला पिकअपमधून उतरताना पाहून महेशने टाळी वाजवली. "घ्या! टेम्पोत घालून आणली गाडी! सुभेदार अलीकडं उतरले, साक्षीदार हितं!"

कामगार खो खो हसले. आनंदरावांनी मान खाली घातली.

"गुरुजी," महेश म्हणाला, "तुमचा शब्द शेवटचा. वाईपास्नं हितपातूर ह्या गाडीवर बसून आलाय?"

"नाही," मी म्हणालो.

आनंदरावांनी माझ्याकडे पाहिले. ती नजर मी विसरणार नाही.

"तासगावच्या पुढे मी उतरलो. गाडी बंद पडली होती. मी कुंपणाआडून परत आलो, तेव्हा तिथे गाडीही नव्हती आणि तुझे वडीलही नव्हते."

"कुणी ढकलली?"

"कुणी नाही. रस्त्यावर माणूस नव्हता."

"मग उतार असंल."

"महेश," मी म्हणालो, "तासगावच्या पुढचा रस्ता तू पाहिला आहेस."

हसणे थांबले. महेशने वडिलांच्या उजव्या गुडघ्याकडे पाहिले. आनंदरावांनीही पाहिले, दुसऱ्या कुणाचा असावा, तसे.

मग पोते उतरवून त्यांनी मुलाच्या हातात दिले, मेथीची पिशवी वर ठेवली. फाटकाच्या उतारावर लावलेली गाडी दोन्ही हातांनी धरली आणि ढकलत ढकलत सपाट रस्त्यावर नेऊन उभी केली. महेश मदतीला पुढे झाला.

"बाजूला हो रं."

कामगारांनी वाट मोकळी केली. आनंदरावांनी उजवा पाय उचलला.

एक किक!

"बसा, गुरुजी," धडधडाटातून ते ओरडले. "कुपवाडातनं एक चक्कर मारून येऊ. अन् ह्या खेपंला बोलत ऱ्हावा!"