ना हरकतीची सही

सुलेखाबाईंनी धैर्यशीलला पहिल्यांदा नीट पाहिलं ते एका वाढदिवसाला. सेम्बावांगला त्यांच्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत टेबलं मांडली होती, फुगे बांधले होते आणि यजमानांनी प्रत्येक मुलाच्या हातात एकेक पाण्याची बंदूक दिली होती. पाच मिनिटांत मोठी माणसं चिंब झाली. एक उंच, जरासा वाकलेला गृहस्थ मात्र भिजत भिजतच एकेका मुलापाशी जात होता, गुडघ्यावर बसून दोन बोटांनी बंदुकीचं तोंड जमिनीकडं वळवत होता आणि हळू आवाजात सांगत होता, "माणसाकडं नाही हं."

"अंकल, ओन्ली वॉटर ला," एक मुलगी म्हणाली आणि तिनं त्याच्या चष्म्यावर नेम धरला.

"अहो धैर्यशील," यजमान म्हणाले, "या देशात खरीला परवानगी नाही. खोटीला तरी राहू द्या की."

सगळे हसले. तोही हसला, चष्मा पुसला आणि पुढच्या मुलापाशी गेला.

बाईंनी चौतीस वर्षं चिंचवडच्या एका शाळेत मराठी शिकवलं होतं. निवृत्तीनंतर त्या लेकीकडं इथं आल्या. न सांगितलेलं काम मुकाट्यानं करत राहणारं पोर वर्गात कुठं बसलंय, हे त्यांना पाठमोरंही कळायचं. असल्या पोराला त्या कधी लगेच विचारत नसत. त्याच्या बाकाजवळ जरा जास्त वेळ उभ्या राहत, इतकंच.

बाकाजवळ उभं राहणं इथं सोपं होतं. शनिवारी सकाळी धैर्यशीलची मुलगी अवनी पोहायला जायची आणि तो शेजारच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडपात, तासभर बसायचा. बाईंचा फेरफटका तिथंच संपायचा. तो उठून त्यांच्यासाठी कमी साखरेचा चहा आणायचा, त्याआधी टेबल पुसायचा, अगदी कडांपर्यंत. चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत त्याचं काम होतं ते दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्रॅम वापरात येण्यापूर्वी तपासण्याचं. "लोकांच्या चुका बाहेर पडायच्या आत पकडायच्या," तो म्हणाला होता. "पकडली तर कुणाला कळत नाही. सुटली तर सगळ्यांना कळतं."

असं वर्षभर चाललं. मग एका शनिवारी तो आला तो फोन कानाला लावूनच. बाईंना बघून त्यानं फोन टेबलावर ठेवला, स्पीकर चालू करून. लपवायचं नव्हतं, किंवा कुणीतरी ऐकायला हवं होतं.

"दादा, एका सहीचं काम हाय," पलीकडून धाकटा भाऊ बोलत होता, विनायक. वारणेकाठी ऊस करायचा, मळ्यातल्या घरात वडिलांसोबत राहायचा. "आबा आता अठ्ठ्याहत्तरीचे झाले. बंदुकीचा परवाना माझ्या नावावर करायचा म्हणत्यात. दुसऱ्या वारसाची हरकत नाही असं लिवून पायजे. हाय कमिशनात जायचं, शिक्का मारून घ्यायचा, पाठवायचं. अर्ध्या दिवसाचं काम."

"माझी हरकत आहे."

"आता काय हरकत?"

"घरात तुझी श्रिया आहे. पाच वर्षांची."

"तिच्यासाठीच तर पायजे. बिबट्या अंगणात येतोय, दादा. परवा कुत्रं नेलं. श्रिया शाळेतनं येती ती उसाच्या मधनं. तुझ्या तिथं लिफ्टमधनं बिबट्या येतोय व्हय?"

"बिबट्या मारता येत नाही कायद्यानं."

"मारतंय कोण? हवेत बार काढला की जातंय."

"फटाका लावला तरी जातं."

विनायक आवाज उतरवून म्हणाला, "नीताताईमुळं म्हणतोस ना? अरे, बंदूक पडली, गोळी सुटली. बत्तीस वर्षं झाली. बैल मारतो म्हणून शेत सोडतंय का कुणी?"

धैर्यशीलनं फोन बंद केला. चहा निवून गेला. अवनीचा क्लास सुटायला वीस मिनिटं राहिली असताना त्यानं सांगायला सुरुवात केली आणि वीस मिनिटांत सगळं सांगून संपवलं.

खंडेनवमीची सकाळ. तो नऊ वर्षांचा, बहीण नीता सात, विनायक चार. पाटावर कोयता, विळे, नांगराचा फाळ आणि मधोमध आबांची बारा बोअरची बंदूक, तेल लावून पुसलेली. आदल्या रात्री आबा रानडुकरं हाकायला उसात गेले होते. आई निरांजन आणायला आत वळली. पोरांनी बंदुकीला फुलं वाहायचा हट्ट धरला, तेव्हा आबा सोप्यावरून म्हणाले, "वाहू द्यात. रिकामी हाय." नीता पाटाच्या पलीकडं बसून रांगोळी नीट करत होती. धैर्यशीलच्या हातात हळदीकुंकवाचं ताट होतं. विनायकनं झेंडू खोचायला जागा शोधली ती चापापाशी.

काडतूस आत होतं आणि घोडा चढवलेला होता.

नीता जागीच गेली. पोलिस येण्याआधी आबांनी बंदूक खांबाशी नेऊन टाकली. साफ करताना पडली आणि गोळी सुटली, असा जबाब दिला. पंचनाम्यात तेच लागलं, गावानं तेच धरलं, विनायकही तेच ऐकत मोठा झाला. खरं आबा, आई आणि तो, या तिघांनाच माहीत होतं. त्यातली आई सहा वर्षांपूर्वी गेली. बंदूक दोन वर्षांनी पोलिसांकडून सुटून घरी आली, आणि त्या खंडेनवमीला पुन्हा पाटावर होती.

"का नको, ते विनायकला सांगायचं तर हे सांगावं लागतं," धैर्यशील म्हणाला. "आणि हे सांगितलं तर त्याचं काय राहील, बाई? त्याच्या लग्नात मीच त्याला हसताना बघितलंय."

त्यानं मधला मार्ग काढून बघितला. सही देतो, पण बंदूक लोखंडी कपाटात कुलपात राहील, काडतुसं दुसऱ्या खोलीत आणि किल्ली विनायकच्या करगोट्याला, असं कळवलं. नुसतं कळवलं नाही, कपाटही इथून मागवून मळ्यावर पोचतं केलं. पंधरा दिवसांनी विनायकचा फोन आला. "कपाट झकास हाय. हिनं शालू ठेवले, दागिने ठेवले. बंदूक काय मावत न्हाई त्यात, चार बोटं लांब पडती."

बंदुकीची लांबी विचारायचं धैर्यशीलला धाडस झालं नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका पकडणाऱ्या माणसानं ते माप अंदाजानं दिलं होतं.

"आता कुठं आहे ती?" त्यानं विचारलं.

"असती तिथंच. सोप्यातल्या खुंटीवर. श्रियाचा हात पोचत न्हाई तिथं."

"यंदा."

"काय?"

"यंदा पोचत नाही," धैर्यशील म्हणाला. ते विनायकला लागलं. तो म्हणाला, परदेशात बसून अक्कल शिकवणारे लय झाले, तू जमिनीत वाटा माग, नाहीतर मुकाट सही कर.

पुढच्या शनिवारी धैर्यशील पत्र घेऊन आला. हातानं लिहिलेलं, दोन पानी, विनायकला. "बाई, वाचून बघा. मराठीत लिहायची सवय गेली आहे." बाईंनी पर्समधून पेन्सिल काढली. त्यांचा हात त्यांना विचारून चालत नसे. दोन ऱ्हस्वाचे दीर्घ केले, एक अनुस्वार दिला, आणि मग पेन्सिल एका ओळीवर थांबली. 'तुझ्या हातून गोळी सुटली.'

"ते 'तुझ्या हातून' खोडून बघितलं मी," तो म्हणाला. "खोडलं की पंचनामा होतो. ठेवलं की दोष विनायकचा होतो."

"धैर्यशील, या वाक्यात कर्ताच नाही," बाई म्हणाल्या. "आणि तू कर्त्याच्या जागेवर चार वर्षांचं पोर बसवतोयस. काडतूस आत कुणी ठेवलं? रिकामी आहे असं कोण म्हणालं? वाक्य तिथून सुरू कर."

तो कागदाकडं बघत राहिला. इतकी वर्षं तो ती सकाळ विनायकच्या बोटापासून आठवत आला होता. आदल्या रात्रीपासून, आबा उसातून परत आले आणि बंदूक न उघडता भिंतीला टेकवून झोपले तिथून, त्यानं ती कधी धरलीच नव्हती.

"मग हे पत्र विनायकचं नाहीच," तो म्हणाला.

रविवारी त्यानं आबांना फोन केला. काय झालं ते त्यानं बाईंना पुढच्या शनिवारी सांगितलं, टेबल न पुसता. त्यानं आबांना सरळ विचारलं, काडतूस तुम्ही काढलं नव्हतं ना? आबांनी नाही म्हटलं नाही. होही म्हटलं नाही. म्हणाले, "तुझी आई मरेपर्यंत हे बोलली न्हाई."

मग धैर्यशीलनं आपली अट घातली. बंदूक पोलिसांत जमा करा, परवाना रद्द करून घ्या. विनायकला मी जन्मात काही सांगणार नाही.

"आणि न्हाई केली जमा तर सांगणार?" आबा म्हणाले. "मी खोटं बोललो ते त्या पोराला जगवायला. तू खरं सांगून त्याला मारणार हाईस? सांग. मी अडवत न्हाई. फोन देऊ का त्याला? हितंच बसलाय."

पलीकडं विनायकचा आवाज ऐकू आला, "कोण, दादा हाय?" आणि त्यामागं श्रिया काहीतरी गात होती.

"मग काय केलंस?" बाईंनी विचारलं.

"म्हटलं, नको. मला यातून मोकळं करा."

बाईंना शाळेतला एक नियम आठवला, जो त्या स्वतःच मुलांना सांगत: चूक सापडली की निम्मं काम झालं. त्यांना त्या नियमाची लाज वाटली. त्यांनी चूक शोधून दिली होती, अगदी बरोबर, आणि ज्याची ती होती त्याला ती बत्तीस वर्षांपासून ठाऊकच होती. बिनचूक वाक्यानं खुंटीवरची बंदूक एक बोटभरही हलली नव्हती.

हे पत्र विनायकला पाठवावं असं त्या त्यानंतर एकदाच म्हणाल्या. "तो शहाणासुरता बाप आहे आता. त्याच्या घरात मूल आहे. त्याला कळायला हवं."

"तुम्ही त्याला ओळखत नाही, बाई," तो म्हणाला. आवाज मऊच होता, पण यावर बोलणं संपलं. तो चुकतोय असं बाईंना वाटलं, अजूनही वाटतं. पण त्या लग्नात हसणारा विनायक त्यांनी पाहिलेला नव्हता.

सही त्यानं दिली नाही. आपल्या सहीवाचून काम अडेल, एवढा एकच भरवसा त्याला उरला होता. चार महिने अडलंही. मग खंडेनवमीच्या आठवडाभर आधी विनायकचा फोन आला, शनिवारीच, बाईंच्या देखत.

"झालं काम," तो म्हणाला. "तुझी सही लागलीच न्हाई."

"म्हणजे?"

"आबांनी लिवून दिलं. वारस मी एकटाच." मग तो म्हणाला, "तूच म्हणालास म्हणं, मोकळं करा. जमिनीचं तसं काय न्हाई हां. हे निस्तं बंदुकीपुरतं."

"बरं," धैर्यशील म्हणाला.

"राग न्हाई ना?"

"श्रिया किती उंच झाली आता?"

"लय वाढलीया. का?"

धैर्यशीलनं का ते सांगितलं नाही. काळजी घे म्हणाला. काळजी घेतोच की, असं विनायक म्हणाला. या दोघांचं ते शेवटचं नीट बोलणं. नवमीला फोटो आला, त्यात पाट होता आणि पाटावर ती बंदूक. धैर्यशीलनं उत्तर दिलं नाही, तेव्हा विनायकनं लिहिलं की दादाला आमचं बरं बघवत नाही. त्यानंतर फोटोही येईनासे झाले.

याला दोन वर्षं झाली. धैर्यशील सेम्बावांगलाच राहतो, त्याच बँकेत कामाला आहे. दर वर्षी मे महिन्यात रजा घेऊन पुण्याला सासुरवाडीला जातो आणि तिथूनच परत येतो. अवनी आता अकरा वर्षांची आहे. तिनं वडिलांचं गाव पाहिलेलं नाही.