आबांचं तिसरं बटण

मतदानाच्या दिवशी माझा जीव थाऱ्यावर नसतो. गेल्या लोकसभेला तर मी पहाटे चारलाच उठून बसले होते. वडिलांची, म्हणजे आबांची नजर पार गेली होती. ते छत्रपती संभाजीनगरात माझ्याकडं राहायचे, पण मत पाचोडलाच होतं, आणि ते इकडं आणायचं नाव काढलं की अंगावर यायचे. माझंही नाव तिथल्याच यादीत राहिलेलं. चितेगावच्या आमच्या कंपनीनं सुट्टी दिली होती. आम्ही दोघं बीडच्या गाडीत बसलो.

राजकारणात आमचा छत्तीसचा आकडा. त्यांचा उमेदवार मला डोळ्यांसमोर नको आणि माझा त्यांना. त्यात नियम असा की, ज्याला दिसत नाही त्याला आत एक सोबती नेता येतो. सोबती मी.

"बटण मीच दाबणार," गाडीत आबांनी जाहीर केलं. "तू फकस्त मशीनमधली चिठ्ठी बघायची. वरून तिसरं. म्या पाठ केलंय."

"माझ्यावर भरोसा नाय का?"

"हाय की. पण मत माझं हाय."

मला झोंबलं. पाचोड येईपर्यंत मी खिडकीची काच उघडत आणि लावत राहिले. पुढच्या बाकावरच्या बाई शेवटी ओरडल्या.

शाळेत आधी मी माझं मत दिलं, वरून चौथं बटण. मग आबांच्या वेळी केंद्राध्यक्षांनी माझ्याकडून लिहून घेतलं की, मी हे मत गुप्त ठेवीन. डाव्या बोटाला माझ्या मताची शाई होतीच, आता उजव्यालाही सोबती म्हणून लागली. "आत बोलायचं नाही हं," त्यांनी बजावलं. पलीकडच्या बाकावर उमेदवारांचे एजंट कान टवकारून बसले होते.

पुठ्ठ्याच्या आडोशामागं आबांनी मशीन चाचपलं. हा माणूस जन्मभर मेंढरं राखलेला. संध्याकाळी वाडग्यात, म्हणजे काट्यांच्या कुंपणात, शिरणारं एकेक मेंढरू आबा पाठीवर हात ठेवून मोजायचे. त्यांचं बोट पहिल्या बटणावर टेकलं, जरा थांबलं, खाली सरकलं, आणि मग कुठं त्यांचे ओठ हलायला लागले. एक. दोन. तीन. बोट येऊन थांबलं ते चौथ्या बटणावर. माझ्या!

काय झालं ते मला लगेच कळलं. आमच्या घरात कळपाच्या म्होरं चालणारा मेंढा मोजत नाहीत. तो देवाचा. मोजणी त्याच्या मागून सुरू होते. आबांनी पहिलं बटण देवाला सोडलं होतं.

मला फक्त गप्प उभं राहायचं होतं. खोटं बोलायचं नव्हतं, काही करायचंही नव्हतं. माझ्या उमेदवाराला एक मत वाढलं असतं आणि आबा खुशीत घरी आले असते. खरं सांगते, मोह झाला. पण ज्याला दिसत नाही त्याला असं फसवायचं? तोंड उघडावं तर समोर एजंट. मी त्यांचं मनगट धरलं आणि बोट एक बटण वर नेलं. ते दचकले, हात ताठ झाला, पण तेवढ्यात बटण दाबलं गेलं. शेजारच्या यंत्राच्या काचेमागं चिठ्ठी उजळली. त्यांच्याच उमेदवाराचं नाव, त्याचंच चिन्ह. बीप वाजला आणि चिठ्ठी तुटून आत पडली. साऱ्या जगात ती मी एकटीनं पाहिली.

शाळेच्या फाटकाबाहेर त्यांनी माझा हात सोडला.

"माझं बोट का हलिवलंस?"

"चुकलं होतं, आबा. म्होरचं तुम्ही मोजलंच नाय."

"देवाचा असतोय त्यो. मोजत नसत्यात."

"मशीनवर कुठला आलाय देव!"

ते विचारात पडले. मला वाटलं, पटलं. मग म्हणाले, "आता काय बी सांगशील."

करायला गेले काय अन् उलटे झाले पाय. मत त्यांच्याच माणसाला गेलं याचा पुरावा कुठून आणणार? देशभर एवढी माणसं राबतात ती याचसाठी की, कुणाचं मत कुणाला गेलं हे कधीच कुणाला दाखवता येऊ नये. व्यवस्था चांगलीच आहे. मी मात्र परतीच्या गाडीत तिला शिव्या घालत होते.

मतमोजणीपर्यंत मला चैन पडली नाही. उजव्या बोटाची शाई मी भांड्यांच्या घासणीनं घासली, लिंबू चोळलं. आबा रागावले नव्हते, हेच जास्त लागत होतं. ते नेहमीसारखं जेवायचे, चहा मागायचे. फक्त मतदानाचा विषय निघाला की पावसाचं बोलायला लागायचे.

निकाल लागला. त्यांचा उमेदवार निवडून आला. शेजारचे काका पेढे घेऊन आले. "घ्या आबा, तुमचा माणूस आला!"

आबांनी पेढा चाचपून घेतला. "आला की," ते म्हणाले. "माझ्या मताबिगर आला."

मग त्यांनी तो मोडला आणि माझा हात शोधून अर्धा तळव्यावर ठेवला. "खा लेकरा," म्हणाले. "हुतं असं कधीमधी."

त्यांनी मला माफ केलं होतं. मी पेढा तोंडात टाकला आणि मला इतका राग आला की रडूच फुटलं.