मोहाखालची बंदूक

ते प्रकरण मी विसरलेलो नाही, आणि त्यात एकही गोळी सुटली नव्हती.

शिपाई म्हणून भरती होऊन मी ठाणेदारापर्यंत पोचलो होतो. पोंभुर्णा भागातलं एक ठाणं माझ्याकडे होतं. आठवडी बाजारात सायकली दुरुस्त करणारा माझा खबरी एकदा म्हणाला, "साहेब, त्या गावचा बंदूकवाला बाईमाणसाले सतावून राह्यला."

बंदूक पीक संरक्षणाच्या परवान्याची होती, धारक गावातला मोठा शेतकरी. दोन पंच घेऊन मी त्याच्या घरी गेलो. नोंदीतली सगळी काडतुसं जागेवर होती. नळीत कुंभारीण माशीने मातीचं घर केलं होतं. म्हणजे कित्येक महिन्यांत बार झालेला नव्हता.

ठाण्यात बोलावलं तेव्हा तो निवांत होता. "बंदूक म्हणजे कुऱ्हाडीसारखीच, साहेब. धरणाऱ्याचं मन पाहा. आन् मी त डुकरालेबी मारली नाई."

मला ते पटलं. शस्त्र आपणहून काही करत नाही, हे नव्या शिपायांना मीच शिकवायचो. खबऱ्याला गाठून झापलं, तर तो म्हणाला, "मारली कोण म्हणते? त्या विधवा बाईले विचारा ना, मोह काऊन वेचत नाई म्हणून."

बाईच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मोहाची चार झाडं होती. सातबारा तिच्याच नावावर. त्या फुलांवर तिचं घर पावसाळ्यापर्यंत चालायचं, आणि दोन हंगाम तिने एक फूल उचललं नव्हतं.

ठाण्यात ती समोर येऊन बसली. नजर माझ्या टेबलावर. बसलं की पट्टा पोटात रुततो, म्हणून पिस्तूल काढून समोर ठेवायची मला सवय होती.

"बोला ना, बाई."

"ते आधी अंदर ठेवा."

"तुमच्यावर थोडीच रोखलंय?"

"त्यानंबी कधी रोखली नाई, साहेब."

माझं डोकं तापलं. शिपायांसमोर तिने मला त्याच्या रांगेत बसवलं होतं. तरी पिस्तूल कपाटात ठेवलं, आणि ती बोलू लागली. मोह पडायला लागला की तो भल्या सकाळी तिच्या झाडाखाली येऊन बसायचा, बंदूक मांडीवर. "वेच ना, काऊन थांबली?" एवढंच म्हणायचा. ती रिकामं टोपलं घेऊन परतायची. मग त्याच्या घरचे वेचायचे.

आणखी तीन बायकांनी जबाब दिले. मी बंदूक जमा करून घेतली आणि परवाना रद्द करण्याचा प्रस्ताव पाठवला. तो शेरा मारून परत आला: गोळीबार नाही, सबब गैरवापर सिद्ध होत नाही. थेट अधिकारी म्हणून लागलेल्या वरिष्ठांनी फोनवर वरून ऐकवलं, "धमकी कुठे आहे? वेच असंच म्हणाला ना तो?" तो राग अजून माझ्या मनात आहे.

बंदूक परत न्यायला तो आला तेव्हा मी घासाघीस केली. हंगाम संपेपर्यंत ती ठाण्यातच राहू दे म्हटलं. तो हसला. "ऑर्डर हाये ना, साहेब?"

बंदूक परत द्यावी लागली, हे बाईला मी सरळ सांगितलं. म्हटलं, पाच बायका जमवा, मिळून वेचा, मी दोन शिपाई देतो.

"शिपाई नको. त्याइच्यापाशीबी बंदुका राह्यते. बायकाच आणीन."

पाच नाही, पंधरा आल्या. मी साध्या कपड्यांत रस्त्यावर उभा होतो. तो झाडाखाली बसला होता, नेहमीसारखा. बायका त्याच्याभोवती वाकून वेचत होत्या. फुलं त्याच्या टोपीवर पडत होती, मांडीवरच्या नळीवर पडत होती. शेवटी ती बाई त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"भाऊ, उठा जरा. तुमच्या खालचे राह्यले."

तो उठला.

पुढे परवान्याच्या प्रत्येक चौकशीत मी काडतुसं मोजली, कारण नियम आहे. पण गावात एक प्रश्नही विचारत गेलो: ही बंदूक आल्यापासून कोण कुठे जायचं थांबलंय? छापील अहवालात त्या उत्तराला रकाना नव्हता. मी ते समासात लिहायचो.