पंच्याहत्तर मीटरला ऐंशी सेंटीमीटर कमी

मुलुंडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शोधलं तरी माझ्या थोरल्या दिरांइतका नियमाने वागणारा माणूस सापडणार नाही, आणि चुकून सापडलाच तर त्याच्या घरची माणसंही आमच्याइतकीच वैतागलेली असणार. भाऊजी सरकारच्या मोजणी खात्यात होते. लोकांच्या जमिनी मोजून, हद्दीचे दगड रोवून आणि दोन सख्ख्या भावांच्या मधोमध उभं राहून दोघांच्याही शिव्या खाऊन ते निवृत्त झाले. खात्याने निरोपाला शाल दिली, टेप मात्र त्यांनी स्वतःची नवी घेतली, तीस मीटरची, पोलादी. ती पिशवीत असल्याशिवाय ते भाजी आणायलाही जात नाहीत. आमच्याच इमारतीत, आमच्या खालच्या मजल्यावर ते एकटे राहतात. जाऊबाई जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी बंगळुरूला असते, त्यामुळे त्यांच्यावर लक्ष ठेवायचं काम आपोआप माझ्याकडे आलं, आणि माझ्यावर लक्ष ठेवायचं काम त्यांनी न सांगता स्वतःकडे घेतलं.

माझ्या भावाने बोरिवलीला फ्लॅट घेतला तेव्हा वास्तुशांतीला आम्ही भाऊजींनाही नेलं होतं. गुरुजींचा होम चालू होता, भावजय शालू नेसून धुरात डोळे पुसत बसली होती, आणि भाऊजी आतल्या खोलीत. मला वाटलं, पडले असतील जरा. पूर्णाहुतीच्या वेळी ते बाहेर आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “करारात लिहिलंय त्यापेक्षा अकरा चौरस फूट कमी भरतंय.” गुरुजीसुद्धा मंत्र विसरले. भावजयीने पुढची दोन वर्षं मला हळदीकुंकवाला बोलावलं नाही. भाऊजींना त्याचं काहीच नव्हतं. “अगं, शांत व्हायला आधी वास्तू पूर्ण मिळायला नको का?” असं त्यांचं म्हणणं.

एवढा सरळ माणूस म्हणजे निर्व्यसनी असणार, असं कुणालाही वाटेल. तसं नाही. भाऊजी पितात. दर शनिवारी संध्याकाळी, आपल्या गॅलरीत, दोन लहान पेग आणि खारे शेंगदाणे. पण आपल्या राज्यात दारू प्यायलाही सरकारी परवाना लागतो. बहुतेक पिणाऱ्यांना हे ठाऊक नसतं, आणि ज्यांना ठाऊक असतं ते पहिल्या घोटाआधीच विसरतात. भाऊजींकडे तहहयात परवाना आहे. तो प्लास्टिकच्या आवरणात असतो आणि पेग भरायच्या आधी ते तो काढून ग्लासाशेजारी ठेवतात. माझ्या नवऱ्याच्या पन्नाशीला आम्ही गच्चीवर छोटी पार्टी केली, तेव्हा त्यांनी वाइन शॉपमधून एक दिवसाच्या परवान्यांचं अख्खं पुस्तकच आणलं आणि जिन्यापाशी खुर्ची टाकून बसले. नाव, वय, पत्ता. मागे रांग लागली, बिअर कोमट झाली, भजी गार झाली. नवऱ्याच्या साहेबांनी लाजत वय जरा कमी सांगितलं तर भाऊजी म्हणाले, “आधार कार्ड आहे का बरोबर?” त्या संध्याकाळी गच्चीवर जितके लोक प्यायले, तितके सगळे कायदेशीर प्यायले. पण नवऱ्याला त्याचं कौतुक वाटलं नाही.

अशा माणसाला रोज जेवू घालायचं म्हणजे धैर्य लागतं. ते होतं नंदा परबकडे. नंदाची मालवणी खानावळ आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर, रस्त्याच्या अंगाला. गाळा तिच्या सासऱ्यांनी गिरणीतली नोकरी सुटल्यावर घेतलेला. नवरा लवकर गेला, लेकीचं लग्न झालं, आणि नंदा एकटीच खानावळ ओढत होती. जाऊबाई गेल्यावर भाऊजी तिथे दुपारचं जेवायला लागले. सुरुवातीला त्यांनी वाटीतल्या आमटीची खोली मोजली असेल, मला ठाऊक नाही, पण नंतर ते तिथे गप्प जेवायला शिकले. अडीच वाजता गिऱ्हाईक संपलं की नंदा अर्धं शटर ओढायची, दोन कप चहा आणायची आणि त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसायची. तीन वाजेपर्यंत दोघं बोलत. काय बोलत, तर कुडाळच्या घराची कौलं, लेकीची सासू, ह्या वर्षी कोकमं कशी आलीत. मी एकदा कामासाठी खाली गेले तर भाऊजी चक्क हसत होते. मी त्यांना असं हसताना आमच्या घरात कधी पाहिलेलं नाही, आणि खरं सांगते, मला जरा हेवाच वाटला.

मग आमच्या आजूबाजूला टॉवर उभे राहिले आणि नंदाची वाट लागायला सुरुवात झाली. टॉवरमधली मंडळी यायची, सुरमई बघायची, खूश व्हायची आणि विचारायची, “चिल्ड बिअर आहे का?” नाही म्हटलं की उठून स्टेशनजवळच्या बारमध्ये जायची. शेवटी नंदाने ठरवलं की परमिट रूमचा परवाना काढायचा. नाही मिळाला तर गाळा विकून कुडाळला जायचं. तिने हे मला जिन्यात सांगितलं तेव्हा भाऊजी शेजारीच होते. त्या दिवशी ते चष्मा माझ्याच घरी विसरून गेले.

परवान्याच्या अर्जाला सोसायटीची ना हरकत लागणार होती. त्यासाठी सभा भरली. दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, “इमारतीत बार आला तर आपल्या मुलांवर काय संस्कार होणार?” ह्यांचा मुलगा पस्तिशीचा आहे आणि काय काय करतो ते सगळ्या इमारतीला ठाऊक आहे, पण ते असो. भाऊजी उभे राहिले. “विरोध जरूर करा,” ते म्हणाले, “पण तो कुठल्या नियमाखाली करताय ते दाखवा. नियमात बसत नसेल तर मीच पहिला विरोध करीन. बसत असेल तर त्या बाईंना अडवायचा आपल्याला अधिकार नाही.” दोन तास वाद झाला. प्रत्येक आक्षेपाला भाऊजींनी पोटनियमाचं पुस्तक उघडलं. लोक पटून नाही, कंटाळून हो म्हणाले. नंदाने दुसऱ्या दिवशी सगळ्या इमारतीत सोलकढी वाटली, संस्कारवाल्यांकडेही.

आता उरली मोजणी. शाळेपासून परमिट रूम पंच्याहत्तर मीटर तरी लांब पाहिजे, आणि आमच्या रस्त्याच्या पलीकडे थोडं पुढे शाळा आहे. परवाना खात्याचा एक तरुण निरीक्षक मोजायला आला, आणि बघायला मीही खाली उतरले. पंचनाम्यावर परिसरातले दोन पंच लागतात. एक म्हणून आमचा इस्त्रीवाला आला आणि दुसरे अर्थातच भाऊजी, कारण नंदानेच त्यांचं नाव दिलं होतं. तिला वाटलं असणार, आपला माणूस आहे. बाकी सगळी मुंबई सोडून तिला हाच माणूस आपला वाटावा!

निरीक्षकाने शाळेच्या फाटकापासून टेप लावली, झेब्रा क्रॉसिंगवरून रस्ता ओलांडला आणि नंदाच्या दारापर्यंत आणली. अठ्ठ्याहत्तर मीटर. नंदाने देवाला हात जोडले. इस्त्रीवाल्याने सही केली. भाऊजींनी पेन उघडलं आणि पुन्हा बंद केलं.

“नियम काय म्हणतो?” ते म्हणाले. “पायी जाणारा माणूस नेहमी ज्या जवळच्या वाटेने जातो, त्या वाटेने मोजायचं. इथे झेब्रावरून कोण जातं?”

खरं होतं. आमच्या रस्त्याच्या दुभाजकाचं रेलिंग एका ठिकाणी कधीचं मोडलंय आणि सगळं मुलुंड त्या फटीतून तिरकं पलीकडे जातं.

“काका, पण ती वाट बेकायदेशीर आहे ना,” निरीक्षक अजिजीने म्हणाला.

“बेकायदेशीर आहे. पण नेहमीची आहे.”

नंदा दारातून भाऊजींपुढे आली. “साहेब, तुम्ही स्वतः तर झेब्रावरसूनच जातास ना? मी रोज बघतंय तुमका.”

भाऊजींनी मान खाली घातली. “मी म्हणजे सर्वसाधारण पादचारी नव्हे, नंदाबाई.”

निरीक्षकाला हसू आलं, मलाही आलं असतं, पण टेपचं शून्याचं टोक शाळेच्या फाटकाशी धरायला भाऊजींनी मलाच उभं केलं. फटीतून मोजत नंदाच्या दारापर्यंत आलो. चौऱ्याहत्तर मीटर वीस सेंटीमीटर. ऐंशी सेंटीमीटर कमी.

“ऐंशी सेंटीमीटर म्हणजे किती ओ?” नंदा म्हणाली. “माझा एक पाऊल. शाळेतली पोरां काय टेप घेऊन येतली?” आणि मग आवाज खाली आणून, “इतकी वर्षां तुमका जेवूक घातलंय मी, साहेब.” भाऊजींनी पंचनाम्यात खरा आकडा लिहिला, सही केली, तारीख घातली आणि झेब्रावरून चालत कुठेतरी निघून गेले. अर्ज अडकला.

त्यानंतर तीन महिने भाऊजी माझ्याकडे जेवले. नंदा त्यांच्याशी बोलत नव्हती आणि ते खानावळीसमोरून जायला लागू नये म्हणून मागच्या फाटकाने जात. माझ्या पोळ्यांचा व्यास कमीजास्त आहे हेही त्यांनी एकदा सांगितलं नाही, तेव्हा मला काळजी वाटायला लागली. आणि रागही होताच. एक दिवस मी ताट वाढता वाढता बोलले, “सही केली असतीत तर कुणाचं काय बिघडणार होतं?”

“उद्या कुणीतरी तक्रार केली असती,” ते म्हणाले. “पुन्हा मोजलं असतं. मग तिचा चालता धंदा बंद झाला असता, सगळं घालून बसल्यावर.” मग त्यांनी आमटीत पोळी बुडवली. “आणि खोटा आकडा लिहून तिच्यासमोर जेवायला बसलो असतो कसा?”

त्या संध्याकाळी खाली त्यांच्या दिवाणखान्यात सगळीकडे कागद पसरलेले दिसले. माणूस तीन महिने गप्प का होता ते तेव्हा कळलं. अंतर दाराच्या मध्यापासून मोजतात. दारच जर रस्त्यावरून काढून बाजूच्या गल्लीत नेलं, तर फटीतून येणाऱ्यालाही कोपरा वळून जावं लागतं आणि चार मीटर चाळीस वाढतात. भाऊजींनी नकाशा काढला होता, जुनं दार विटांनी बुजवायचं, नवं कुठे पाडायचं, सगळं इंचाइंचाने. फक्त तो घेऊन नंदाकडे जायची त्यांची हिंमत नव्हती. “तू दे,” म्हणाले. मी दिला. नंदाने ओल्या हातांनीच कागद धरला, उलटसुलट करून पाहिला. तिला त्यातलं काही कळलं नसावं, पण कोपऱ्यातलं भाऊजींचं बारीक अक्षर तिने ओळखलं. पदराने डोळे पुसून म्हणाली, “त्यांका म्हणा, जेवूक येवा.”

दार हलवायला भाऊजी जवळजवळ वर्षभर फिरले. वॉर्ड ऑफिस, इंजिनियर, भिंत पाडायला पुन्हा सोसायटी, पुन्हा ते संस्कारवाले. प्रत्येक टेबलावर ते तोच नकाशा उलगडत आणि समोरच्याला पेन्सिल देऊन म्हणत, “चूक असेल तर दाखवा.” शेवटी दार झालं आणि निरीक्षक पुन्हा आला. पंच म्हणून नंदाने परत भाऊजींचं नाव दिलं. त्यांनी नकार दिला. “नकाशा माझा. मी पंच कसा होणार?” मोजणी होईपर्यंत ते रस्त्याच्या पलीकडे छत्री धरून उभे होते, भर उन्हात. अठ्ठ्याहत्तर मीटर साठ. फटीतून. मी लांबूनच दोन्ही हात वर केले तेव्हा ते छत्री मिटून तिथल्या दुकानाच्या पायरीवर बसले.

परवाना आला. पाटी लागली, एसी लागला. टॉवरवाली मंडळी झकास म्हणत येतात, सुरमई खातात, बिअर पितात आणि पुन्हा येतात. नंदाने स्वयंपाकाला दोन बायका ठेवल्या आहेत. ती आता काउंटरवर बसते, चांगल्या साडीत, आणि कुडाळला जायची भाषा तिच्या तोंडी नाही. मला तिचा मनापासून आनंद आहे. भाऊजींनाही आहे, ते दिसतं. ते अजूनही रोज दोन वाजता जेवायला जातात, पण वीस मिनिटांत परत येतात. बार दुपारी मधेच बंद ठेवता येत नाही, अडीच ते तीन तर ऑफिसवाल्यांची गर्दी असते. शटर कुणी ओढत नाही आणि नंदाला बसायला फुरसत नाही.

परवा अडीचच्या सुमाराला ते आमच्याकडे आले आणि उगाचच खिडकीपाशी उभे राहिले. मला राहवलं नाही. “भाऊजी, तिला सांगायचंत ना, रोज अर्धा तास तरी बंद ठेव म्हणून. तुमचं ती ऐकेल.”

त्यांच्या उत्तरात चेष्टेचा सूर नव्हता.

“कुठल्या नियमाखाली सांगू?” ते म्हणाले.

मी चहा टाकायला आत गेले. दोन कप आणले आणि त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसले. कुडाळच्या कौलांबद्दल मला काहीच ठाऊक नव्हतं, म्हणून मी आपलं विचारलं की ह्या वर्षी कोकमं कशी आलीत. भाऊजी माझ्याकडे बघून अगदी थोडं हसले, आणि म्हणाले, “बरी आहेत म्हणतात.”