पोलंडचा पाटा

पोलंडच्या पाट्याची गोष्ट मी जालन्यात कुणाला सांगितली नाही ते विचारा. कारखान्याच्या कँटीनमध्ये, अंबडला मेहुण्याच्या साखरपुड्यात, एकदा तर दातांच्या डॉक्टरला, तोंड उघडं असताना. विमानतळावरचा गोरा शिपाई बॅगेतला दगड दाखवून 'हे काय?' विचारतो आणि मी मिरच्या कुटून डोळे चोळायचं सोंग करतो — इथं लोक हमखास लोळतात. पण त्या गोष्टीचा मधला तुकडा मी प्रत्येक वेळी गाळलाय. बायकोलाही तो माहीत नाही. आज तुम्हाला सांगतो.

आमच्या सळ्यांच्या कारखान्यानं पोलंडहून एक यंत्र घेतलं आणि ते शिकायला सहा महिने मला धाडलं. एवढे हुशार लोक सोडून मलाच का, हे यंत्रालाही कळलं नसेल. एका छोट्या गावात यानिनाबाई नावाच्या म्हातारीच्या घरी खोली मिळाली. बोलणं फोनच्या भाषांतरानं, उरलेलं हातवाऱ्यांनी. त्यांच्या दाराशी एक चित्र होतं — काळी टोपी घातलेला दाढीवाला म्हातारा, नाणी मोजत बसलेला. मी ताडलं, हे घरचं दैवत. रोज निघताना हात जोडायचो. महिनाभरानं बाई हसत म्हणाल्या, अहो, देव नाही तो, ज्यू आहे. टांगला की घरात बरकत राहते. इथं ज्यू राहतात का, मी विचारलं. आता नाहीत, म्हणाल्या, आणि सूप ढवळायला लागल्या.

नाहीत म्हणजे? गेले कुठं? मी विचारलं नाही. माझी अडचण वेगळीच होती — ठेचा. मिक्सरमधला ठेचा म्हणजे हिरवा चिखल. यानिनाबाईंच्या शेडमागं दगडांचा ढीग होता, त्यातून मी एक सपाट तुकडा उचलला, विटेपेक्षा जरा मोठा. एका बाजूला चौकोनी, अनोळखी अक्षरं आणि एका पक्ष्याचं डोकं, एक पंख. नक्षी छान आहे, म्हटलं. ती बाजू खाली केली आणि गुळगुळीत बाजूवर मिरची-लसूण ठेचायला बसलो. असे चार महिने. यानिनाबाईंनाही चाखवला, पोलिश शिव्या त्याच दिवशी शिकलो.

मग एका सकाळी माग्दा आली. गावातल्या शाळेत इतिहास शिकवणारी, इंग्रजी बोलणारी. ती घरोघर दगड शोधत फिरत होती. तिनं सांगितलं ते मी उभ्यानंच ऐकलं. युद्धाआधी निम्मं गाव ज्यूंचं होतं. जर्मनांनी त्यांना नेलं आणि मारलं — म्हातारे, पोरं, सगळे. मागं राहिली त्यांची दफनभूमी. तिथले दगड आधी रस्त्याला गेले. मग शेजाऱ्यांनी नेले — पायऱ्यांना, गोठ्यांना, सुऱ्यांना धार लावायला. आता शाळेतली पोरं घेऊन ती ते परत गोळा करत होती.

यानिनाबाई शांतपणे म्हणाल्या, "सगळ्यांच्याच अंगणात आहेत. चांगला दगड, वाया कशाला घालवायचा?"

माग्दानं फोनवर एक फोटो दाखवला. तिरका फुटलेला दगड. पक्ष्याची शेपटी. एक पंख. खाली अर्धवट ओळ. ती तिनं वाचून दाखवली — 'मोशेची मुलगी.' लहान होती, म्हणाली. नाव वरच्या तुकड्यावर असणार, तो सापडत नाही.

माझ्या बोटांना लसणाचा वास येत होता.

"असा तुकडा पाहिलात कुठं?"

मी म्हणालो — नाही.

गावाकडं कुणाच्या समाधीला चुकून पाय लागला तर मी कान धरतो. मी! आणि चार महिने एका लेकराच्या थडग्यावर बसून मिरच्या कुटल्या. ते माहीत नव्हतं म्हणून घडलं, ठीक. पण 'नाही' म्हणालो तेव्हा तर सगळं माहीत होतं ना? लाज वाटली. ती लाज झाकायला मी त्या पोरीचं नाव दाबून ठेवलं.

निघायच्या दिवशी दगड पिशवीत घालून दफनभूमीकडं गेलो. फाटकातून दिसलं — पोरं ब्रश घेऊन दगड धूत होती. आतून माग्दानं हात हलवला. मी मोकळा हात हलवला, आणि पिशवीसकट बसथांब्यावर गेलो. परत द्यायला गेलो होतो, हे खरं. दिला नाही, हे त्याहून खरं.

घरी मंगलनं बॅग उघडली. "अवो, लोकं परदेशातून बायकोला सेंट आणतेत. तुमी धोंडा आणून राह्यले!" सगळं घर हसलं. आणि मी — तेव्हाच सांगायचं सोडून — विमानतळावरच्या शिपायाची नक्कल केली. ती गोष्ट त्या दिवशी जन्मली.

मंगलचा तो लाडका पाटा झालाय. धुताना ती तो उलटा करते, अक्षरांत अडकलेलं बी काडीनं काढते. "चिमणी किती नाजूक काढलीय ना," म्हणते. मी हो म्हणतो.

मागच्या महिन्यात माग्दानं फोनवर एक फोटो पाठवला. सापडलेले तुकडे एका भिंतीत बसवलेत. मधे एक खाच रिकामी आहे, शेपटीच्या वर. खाली लिहिलं होतं — अजून जागा सोडून ठेवलीय. मला फक्त पाटा उलटा करून फोटो काढायचा होता. नाव तरी पोचलं असतं. दोन मिनिटांचं काम. मी तिला अंगठा पाठवला. सोबत एक हसरा चेहरा.

आज दुपारी स्वयंपाकघरातून ठकठक ऐकू आली. मग ताट आलं, कडेला हिरवा ठेचा.

"झाला का बराबर?" मंगलनं विचारलं.

झकास, म्हणालो. आणि आणखी वाढून घेतला.