खंडेनवमीचा कॅल्क्युलेटर

माझी परदेशी बोर्डाची बारावी. गणिताला आलेख काढणारा कॅल्क्युलेटर लागणार होता. सांगलीच्या दुकानात दोन निघाले. एक नुसते आलेख काढायचा, दुसरा बीजगणितातली समीकरणंही सोडवायचा. मी पहिला मागितला.

"ज्येला जास्त येतं त्योच घ्यायचा," आप्पा म्हणाले. आमच्या घरात आप्पांचं वाक्य संपलं की विषय संपतो.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी सांगितलं, समीकरणं सोडवणारा परीक्षेत चालत नाही. माझं डोकं फिरलं. आज सांगायचंच, असं ठरवून तणतणत घरी आले. त्या दिवशी खंडेनवमी होती. आप्पांनी विळा-खुरप्याशेजारी कॅल्क्युलेटर मांडला होता, त्याला हळदकुंकू वाहिलं होतं.

"पाया पड पोरी, परीक्षेत ह्योच तुला तारणार हाय."

मी मुकाट्यानं पाया पडले.